अब्बांचा वायपर



गेल्या मे महिन्यात आमची फियाट घेऊन मी आरटीओत गेलो होतो. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७९ सालची. नोंदणीची मुदत वाढवून घ्यायची होती. तपासणीला आलेला अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं दिवे पाहिले, हॉर्न वाजवायला लावला, हातब्रेक ओढून बघितला आणि म्हणाला, "काका, वायपर चालवून दाखवा." मी बटण ओढलं. दोन्ही वायपर आळसावून उठले, काचेच्या मध्यापर्यंत गेले आणि तिथंच बसले. "आणि पाणी?" त्यानं विचारलं. मी दुसरं बटण दाबलं. बॉनेटखालून नुसताच घूंऽऽ असा आवाज आला. काचेवर थेंब नाही.

"एवढं करून आणा काका. पावसाळा तोंडावर आलाय," तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. समोरची काच असलेल्या गाडीला चालू वायपर हवाच, असा नियम आहे. आणि जुनी गाडी म्हणून सवलत मागायची, तर तीही सोय नाही. २०२१ च्या सरकारी नियमाप्रमाणे गाडीला विंटेज म्हणायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आमची फियाट त्या मानानं तरुण आहे.

घरी येताना बायको म्हणाली, "गॅरेजला देऊन टाका. उगाच हात काळे करू नका." मी म्हटलं, हा वायपर मीच उघडणार. त्याचं कारण आज तुम्हाला सांगायचं आहे.

गाडी माझ्या अब्बांची. मिरज स्टेशनबाहेर ते टॅक्सी चालवायचे. मिरज हे सतारीचं गाव आणि दवाखान्यांचंही. कोकणातून, कर्नाटकातून पेशंट येतात. ऑपरेशन झालेल्या माणसाला एस.टी.त बसवता येत नाही. अशा माणसाला अलगद घरी पोचवणं हे अब्बांचं काम. बेळगाव, विजापूर, चिपळूण, रत्नागिरी. गाडीच्या खणात एक लांब वही असायची. त्यात तारीख, पेशंटचं नाव, गाव आणि मिळालेलं भाडं, असा चार रकान्यांचा हिशेब. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षर माझ्यापेक्षा वळणदार.

आता गोष्ट १९९६ सालची. मी बी.ए. होऊन चारपाच वर्षं झाली होती. एका पतसंस्थेत कारकुनी करत होतो आणि कविता लिहीत होतो. त्या वर्षी एप्रिलपासून अब्बांची एकच तक्रार सुरू झाली. घरात आम्ही दखनी बोलतो, त्यात ते म्हणायचे, "काच मैली है रे." सकाळी काच पुसायचे, दुपारी पुसायचे, रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचे, वर्तमानपत्रानं पुसायचे. वायपरचे रबर दोन महिन्यांत दोनदा बदलले. कोरड्या काचेवरसुद्धा वायपर सुरू करायचे. काचेवर पाणी उडवायचा रबरी हातपंप होता, तो फाटून जमाना झाला होता. "पाण्याची कसली चैन," म्हणायचे. जूनचा पहिला पाऊस झाला आणि वायपर खरोखरच मंद पडला. अब्बांना जणू पुरावा मिळाला. "बघ, मी म्हणत नव्हतो? मोटर गेली."

मोटर नवी घ्यायला पैसे नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक वायरिंगवाले मिस्त्री बसायचे. ते म्हणाले, "पोरा, शिकलेला आहेस ना? बस इथं. मी सांगतो, तू कर."

त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती अशी, की मोटर बिघडली असं वाटलं तरी मोटरला लगेच हात लावायचा नाही. आधी मोटर आणि वायपर यांची फारकत करायची. काचेखालच्या पत्र्याआड मोटर असते. तिच्या तोंडाशी एक छोटा दांडा गोल फिरतो आणि त्याला जोडलेल्या दोन पट्ट्या, ज्यांना लिंक म्हणतात, त्या गोल फिरण्याचं पुढंमागं करण्यात रूपांतर करतात. ही लिंक सोडवायची आणि मोटर एकटी चालवून बघायची. एकटी सुसाट पळाली तर मोटर निर्दोष. मग दोष पुढं, म्हणजे वायपरचे हात ज्या खुंट्यांवर बसतात तिथं. त्या खुंट्यांपाशी पावसाचं पाणी मुरतं, बुशांना गंज चढतो आणि बिचारी मोटर जाम झालेलं ओझं ओढत तापत राहते. लोक मोटर बदलतात, गंज तसाच राहतो आणि वर्षभरात नवी मोटरही जळते.

आमच्यात दोन्ही दोष निघाले. खुंट्यांत गंज होता आणि मोटर एकटीही कुंथत होती.

दुसरी गोष्ट, अर्थ. या गाड्यांत विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. मोटर जिथं पत्र्याला टेकते तिथं रंग, गंज, चिखल साठला की वीज पुरेशी परत जात नाही. मिस्त्रींनी बॅटरीच्या ऋण टोकापासून एक वायर थेट मोटरच्या अंगाला लावून दाखवली. मोटरचा आवाज लगेच बदलला. जागा खरवडून साफ केली, तर निम्मं काम तिथंच झालं.

मग मोटर उघडली. उघडताना सावध राहावं लागतं, कारण आतले कार्बन स्प्रिंगवर बसलेले असतात आणि झाकण निघालं की टुणकन उडतात. एक कार्बन मला मिस्त्रींच्या चपलेत सापडला. हे कार्बन म्हणजे शेंगदाण्याएवढे काळे तुकडे. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा एक कडा असतो, कॉम्युटेटर, त्याला ते घासत वीज आत पोचवतात. घासून घासून ते झिजतात आणि त्यांची काजळी तांब्यावर बसते. ती साफ करायची तर बारीक झिरो पेपरनं, हलक्या हातानं. लोखंड घासायचा एमरी पेपर वापरला तर त्याचे कण तांब्यात रुततात. मग पट्ट्यांमधल्या फटीतली काजळी सुईनं काढायची. ती राहिली तर पट्टीपट्टीत वीज झिरपते. आमच्या शेजारी सतारमेकर राहायचे. ते घोडीची जवारी काढायला बसले की तासतास घासायचे, फुंकायचे, तार छेडून ऐकायचे, पुन्हा घासायचे. मी त्या दिवशी मोटरची जवारीच काढत होतो. घासायचं, जोडायचं, ऐकायचं. इथं एक सांगून ठेवतो. कवीनं मोटर उघडली की ऐकणाऱ्याला लगेच त्यात प्रतीक दिसायला लागतं. मला त्या दिवशी फक्त काजळी दिसत होती.

दातेरी भागात जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. ते रॉकेलनं धुतलं, नवं भरलं. आर्मेचरच्या दांड्यावर स्क्रूसारखी आटी असते आणि ती एका दातेरी चाकाला फिरवते. या जोडीची गंमत अशी, की आटी चाकाला फिरवते, पण चाक आटीला फिरवू शकत नाही. म्हणून चालत्या पावसात वायपर बंद पडला तर त्याला हातानं हलवू नये. तो हलत नाही, जोर केला तर त्याच्या बुडाचे दात तुटतात. दोन्ही वायपरला सुतळी बांधून दोन खिडक्यांतून ओढायची युक्ती जुने ड्रायव्हर करत, पण आधी लिंक सोडवून घेत. अब्बांची युक्ती वेगळी होती. बिडीची तंबाखू ओली करून काचेला चोळायची. मग पाण्याचे थेंब धरत नाहीत, पाणी सपाट पसरतं आणि थोडा वेळ तरी आरपार दिसतं. तंबाखू नसेल तर चिरलेला बटाटा.

सगळं जोडलं, बटण ओढलं आणि वायपर झपाझप चालले. बंद केले तर काचेच्या मधोमध उभे राहिले. सोडवताना दांड्याच्या जागेवर खूण करून ठेवायची असते, ती मी केली नव्हती. मोटर आपल्या हिशेबानं बरोबर जागी थांबत होती, वायपरची घडी मात्र उलटी बसली होती. अब्बा बघून हसले. "दोन्ही हात वर करून दुआ मागतायत," म्हणाले. पुन्हा सोडवलं, पुन्हा जोडलं. फाटलेल्या हातपंपाच्या जागी विजेवर चालणारा छोटा पंप बसवला. बटण दाबलं की काचेवर दोन कारंजी. मला कवितेला बक्षीस मिळालं नसतं तर एवढा आनंद झाला नसता, असं म्हणणार होतो, पण तोवर बक्षीस मिळालंच नव्हतं.

अब्बा चक्कर मारून आले. मी दारातच उभा होतो. गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "चांगलं केलंस. पण काच अजून मैलीच आहे."

श्रोते हो, मला तेव्हा कळायला हवं होतं. अब्बा दहाची नोट समजून पन्नासची देऊन आले होते. अम्मीला तांदळातले खडे दिसायचे, अब्बांना ताटातही दिसत नव्हते. पण घर टॅक्सीवर चालत होतं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. बिघाड वायपरमध्ये असणं आम्हा सगळ्यांना परवडणारं होतं. वायपरला कार्बन घालता येतो.

जुलैत एक भाडं आलं. साखरप्याची एक म्हातारी, खुब्याचं ऑपरेशन झालेली, आणि तिचा मुलगा. मी दुरुस्त केलेला वायपर घाटाच्या पावसात कसा चालतो ते बघायला मीही निघालो. म्हातारी मागच्या सीटवर आडवी. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगजवळ, त्यामुळं पुढं आम्ही तिघं. मिरजेहून कोल्हापूर, तिथून मलकापूर. मलकापूर सुटलं आणि पाऊस लागला. आंबा गाव मागं टाकून घाट उतरायला लागलो तोवर धुकंही आलं. वायपर उत्तम चालला होता. मी घड्याळ लावून फेऱ्या मोजत होतो, मिनिटाला पंचेचाळीस. अब्बा मात्र पुढं झुकत झुकत नाक काचेला लागेल एवढे जवळ गेले होते. समोरून एस.टी. आली. तिचे दिवे काचेवर फुटले. अब्बांनी करकचून ब्रेक दाबला. मागून म्हातारी कळवळली. एस.टी. हॉर्न मारत वर निघून गेली.

अब्बांनी विचारलं, "वायपर बंद पडला काय रे?"

वायपर त्यांच्या डोळ्यांसमोर चालू होता. माझ्या हातानं लावलेला, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या. म्हातारीचा मुलगा माझ्याकडं बघायला लागला. माझ्या तोंडाला कोरड पडली. मी हात पुढं करून बटण बंद केलं आणि म्हणालो, "हो अब्बा, अडकलाय वाटतं. गाडी डोंगराच्या बाजूला घ्या."

भिजत उतरलो, बॉनेट उघडलं, उगाच दोन मिनिटं काहीतरी चाचपलं. परत येऊन म्हणालो, "मोटर नवीन जोडलीय, मला तिचा अंदाज आहे. पुढं मी चालवतो." अब्बा काही न बोलता सरकले. म्हातारीच्या मुलानंही नंतर एक शब्द काढला नाही. भल्या घरचा माणूस. साखरप्याला पोचल्यावर त्यानं आम्हाला चहा पाजला, भाडं दिलं आणि निघताना माझा हात जरा जास्त वेळ धरला.

पुढच्या आठवड्यात अब्बांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पार पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, गाडी कशी चालवत होता?" अब्बा म्हणाले, "साहेब, काच मैली होती."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काही दिवसांनी अब्बा अंगणात आले, गाडीपाशी गेले आणि काचेकडं बघत उभे राहिले. मला हाक मारली. "हे काय आहे?" त्यांनी काचेवर बोट फिरवलं. वायपरच्या वाटेवर, पंख्याच्या आकारात, शेकडो बारीक ओरखडे. धुळीनं भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर चालवला की रबरात अडकलेले कण काच घासतात. महिनोन्‌महिने त्यांनी पाण्याशिवाय तेच केलं होतं. मला ओरखडे दिसत होते, पण जुन्या काचेला ते असायचेच म्हणून मी सोडून दिलं होतं. "म्हणजे काच खरंच खराब होती," अब्बा म्हणाले. आणि हसले नाहीत. जरा थांबून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी घाटात वायपर चालू होता ना?"

मी म्हणालो, "हो."

त्या संध्याकाळी ते भाड्याची वही घेऊन बसले. त्या वर्षीची पानं एकेक उलटत होते. नाव, गाव, नाव, गाव. मी विचारलं, "काय शोधताय अब्बा?"

"काही नाही," म्हणाले. "सगळे घरी पोचले का, ते बघतोय."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं. दिसायला लागलं, पण घाटाचं भाडं त्यांनी परत घेतलं नाही. दोन वर्षांनी टॅक्सी बंद केली आणि गाडी घरगुती करून घेतली. २०११ साली अब्बा गेले. ती वही माझ्याकडं आहे.

तर गेल्या मे महिन्यात मी तोच वायपर पुन्हा उघडला. मिस्त्री आता नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमच्या गेल्या. तिचे कार्बन मागितले तर दुकानातला मुलगा मोबाईलवर शोधायला लागतो. मी जवळपासच्या मापाचे कार्बन घेतले आणि कानशीवर घासून बसवले. दांड्यावर खूण करायला या वेळी विसरलो नाही. कॉम्युटेटरची फट बघायला मात्र मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. माझेही डोळे मी दर वर्षी तपासून घेतो. डॉक्टर म्हणतात, अजून वेळ आहे.

पंपाची कथा वेगळी. त्यातला दोष आमच्या बोअरच्या पाण्याचा. क्षार साचून आतली छोटी पाती धरली होती. मोटर घुंघुं करायची, पाती फिरायची नाही. पंप सोडवून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला, तेव्हा पाती सुटली. पण पाणी तरी येईना. बॉनेटवरची दोन तोंडं बुजलेली. त्यात टाचणी जाईना. शेजारी सतारमेकरांच्या नातवाकडं गेलो. त्यानं सतारीच्या बारीक तारेचा वीतभर तुकडा दिला. "काका, काय छेडणार आता?" म्हणाला. तार बरोब्बर आत गेली. आता बाटलीत उकळून गार केलेलं पाणी घालतो. साबणाची पूड घालत नाही, रंगाला मारक. आणि बाटली रिकामी असताना बटण दाबत नाही. हे छोटे पंप कोरडे चालले की लवकर मरतात.

काच तीच आहे. सकाळी उन्हं समोरून आली की ओरखड्यांचा पंखा उजळतो. बायको म्हणते, आता तरी बदला. तिचं म्हणणं खोटं नाही. रात्री समोरच्या दिव्यांनी त्या काचेवर काय होतं ते मी घाटात पाहिलं आहे. म्हणून रात्री ती गाडी मी काढत नाही.

आठवड्यानं पुन्हा आरटीओत गेलो. तोच अधिकारी. "हं काका, वायपर?" मी बटण ओढलं. झपाझप. बंद केला, तर खाली रबराला टेकून नीट झोपला. "आणि पाणी?" तो काचेजवळ वाकून बघत होता. मी बटण दाबलं. डाव्या तोंडाचं पाणी काचेवर पडलं. उजव्या तोंडाचं काचेवरून जाऊन थेट त्याच्या शर्टावर.

त्यानं रुमालानं शर्ट पुसला आणि कागदावर सही केली. उजवं तोंड अजून थोडं खाली वळवायचं राहिलं आहे.